मागच्या सीटवरची नागली

धर्मेंद्र भोये यांनी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांच्या अर्जांत इतक्या त्रुटी काढल्या होत्या, की मोखाड्याच्या पंचायत समितीत लोक त्यांच्या टेबलाला लांबूनच नमस्कार करून पुढे जात. अर्ज विहिरीचा असो की घरकुलाचा, भोयेभाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला की अर्जदाराने समजून जायचं, आपला आणखी एक हेलपाटा वाढला. अशा माणसाने आयुष्यात स्वतः एकही अर्ज करू नये. पण माणसाला वडील असतात, आणि वडिलांची एखादी इच्छा राहिलेली असते, त्याला कोण काय करणार?

वडील म्हणजे नवशाबाबा. वय चौऱ्याऐंशी. मागच्या थंडीत छातीत कफ भरला म्हणून जव्हारच्या दवाखान्यात आठवडाभर पडून होते. एका सकाळी सलाइनच्या बाटलीकडे बघत ते एकदम म्हणाले, "धर्मा, एक राहिलं रं. त्या गाडीत मला एकदा मागं बसायचं होतं."

गाडी म्हणजे हंबर. विलायती, काळीभोर, पुढे अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, मागे चामड्याची अशी ऐसपैस सीट की तिच्यावर पाटील आडवा व्हावा. मुंबईच्या एका डॉक्टरसाहेबांचा जव्हारला बंगला होता, त्यांची ही गाडी, आणि बाबा बावीस वर्षं त्यांचे ड्रायव्हर. घाटाच्या प्रत्येक वळणावर मागून डॉक्टरसाहेबांचा आवाज यायचा, "वा! काय देखावा आहे, नवशा! वा!" बाबांची नजर रस्त्यावर. बावीस वर्षं त्यांना कुतूहल, की मागे बसल्यावर असं दिसतं तरी काय? पुढे डॉक्टरसाहेब थकले, बंगला विकला आणि जाताना गाडी बाबांच्या नावावर करून गेले.

"मंग बसायचं ना मागे!" धर्मेंद्र म्हणाले.

"बसलो असतो. पण घरात गाडी चालवता येणारा मी एकटा. मी मागं बसलो तर चालवील कोण?"

या हिशेबात काही त्रुटी निघेना. गाडी पेट्रोलही फार पीत होती, म्हणून बाबांनी ती पोशेऱ्याला, बहिणीच्या पडवीत नेऊन लावली. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती.

"मी बसवतो तुम्हाला मागे," धर्मेंद्र म्हणाले. दवाखान्यात माणूस काहीही बोलून जातो. गाडी चालू नव्हती आणि धर्मेंद्रना गाडी चालवता येत नव्हती, एवढ्या दोन किरकोळ गोष्टी त्यांच्या घरी गेल्यावर लक्षात आल्या.

बावन्नाव्या वर्षी ते ड्रायव्हिंग क्लासला गेले. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. क्लासचा मास्तर सांगायचा, "भाऊसाहेब, गाडी मागे घेताना डोळे उघडे ठेवायचे." एवढं सोडलं तर बाकी ठीक झालं. मे महिन्यात हातात लायसन पडलं आणि भाऊसाहेब पोशेऱ्याला धाकल्या आत्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

धाकली आत्या नावाची धाकली. उमर ऐंशीची आणि आवाज चार घरं ओलांडून जाणारा. तिने पडवीतलं तरट बाजूला केलं. गाडी होती. धुळीने पांढरी झालेली, चाकं जमिनीत रुतलेली, पण होती! धर्मेंद्रनी मोठ्या भक्तिभावाने मागचं दार उघडलं, आणि त्यांच्या बुटांवर सळसळ करत नागली सांडली. नागली, म्हणजे भाकरीची नाचणी. काचांपर्यंत गाडी भरलेली.

"आरं, दार लाव, दार लाव!" आत्या धावली. "विलायतेच्या लोकांनी काय दार केलंय, धर्मा! एकतीस वर्सांत एक उंदीर आत गेला नाय. सगळ्या पोशेऱ्यात अशी कणगी नाय कोणाची."

धर्मेंद्रनी बाबांची इच्छा सांगितली. आत्याने डोळ्याला पदर लावला. दादासाठी तिने नाही म्हटलं नाही, पण दोन अटी घातल्या. पहिली, कापणीच्या आत गाडी परत पाहिजे, नवा दाणा ठेवायचा कुठे? दुसरी, कणगी झाडून पुरी रिकामी करायची नाही. घरात कणसरीचं, म्हणजे धान्याच्या देवीचं, बसणं असतं. तळाला पाच मुठी तरी दाणा ठेवायचा, नाहीतर ती रुसते. पेरणी उरकल्यावर आत्याने गाडी उपसली आणि पाच मुठी नागली स्वतःच्या हाताने मागच्या सीटच्या उसवलेल्या शिवणीत, खोल आत सारली. धर्मेंद्र "बरं" म्हणाले. मेहनत करून मिळवलेली गाडी पाच मुठींवरून कोण सोडील?

गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून जव्हारला निघाली. स्टिअरिंगवर धर्मेंद्र. आता दोर बांधलेल्या गाडीत बसलेल्या माणसाला चेहरा कसा ठेवावा हे कोणत्याही क्लासात शिकवत नाहीत. मोखाड्याच्या बाजारातून, नेमकी पंचायत समितीसमोरून, आणि नेमका सोमवार! फाटकाशी अर्जदारांची रांग. ट्रॅक्टरवाल्याने तिथेच चहासाठी ब्रेक मारला.

"भाऊसाहेब," रांगेतून सखा नावाचा एक विहिरीवाला म्हणाला. त्याचा अर्ज चार वेळा परत गेला होता. "गाडीत काय त्रुटी निघाली?"

सगळी रांग हसली. धर्मेंद्रनी काच वर करायचा दांडा फिरवला, तो त्यांच्या हातात आला. ते तो तसाच मांडीवर ठेवून समोर बघत बसले.

जव्हारला घरी पोचल्यावर पत्नी ममताताई अंगणात आल्या. त्या अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका; दिवसभर दुसऱ्यांची पोरं सांभाळतात, त्यामुळे नवऱ्याचं त्यांना फारसं आश्चर्य वाटत नाही. "ही इथेच राहणार?" एवढंच त्यांनी विचारलं. कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेतली आणि आत गेल्या. बाबा मात्र काठी टेकत आले, गाडीला एक चक्कर मारली, आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

दुरुस्तीला लक्ष्या मिस्त्री आला. लक्ष्याचा हात भातगिरणीच्या इंजिनावर आणि पाण्याच्या पंपावर बसलेला, पण इंजिन म्हणजे इंजिन, हे त्याचं मत. इंजिन जाम होतं. लक्ष्याने प्लग काढून आत रॉकेल ओतलं, डिझेल ओतलं आणि शेवटी घरून मोहाच्या बियांचं तेल आणून ओतलं. "आठ दिवस भिजू द्या. सांधे धरलेल्या माणसालाबी हेच लावतात."

शेजारी गौतम सर राहतात. विज्ञान शिकवतात. त्यांनी मोबाईलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली, आणि तिथून धर्मेंद्रचे दिवस फिरले. सर रोज संध्याकाळी लुंगी सावरत यायचे आणि लक्ष्याच्या मागे उभे राहून सांगायचे, "कार्बोरेटर असा धरत नाहीत." लक्ष्या विचारायचा, "मंग कसा धरतात?" सर म्हणायचे, "तो भाग उद्या बघतो." पण सरांचं एक म्हणणं सगळ्यांना पटलं. दुरुस्तीच्या आधी स्वच्छता. आतून-बाहेरून. लक्ष्याने पंप आणला, विहिरीत सोडला, आणि तासभर गाडी धुतली. छप्पर धुतलं, चाकं धुतली, सीटा धुतल्या.

"आतून कशाला धुताय?" ममताताईंनी खिडकीतून विचारलं.

"तुला त्यातलं कळत नाही," धर्मेंद्र म्हणाले. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पुढचे दोन महिने ते त्यांना रोज जेवताना ऐकावं लागलं.

बाराव्या दिवशी इंजिन फिरलं. आधी खोकलं, मग शिंकलं, मग धूर सोडला आणि चक्क चालू झालं! मोहाचं तेल जळल्यामुळे सगळ्या आळीत तळणाचा वास पसरला. तीन घरांतून विचारणा झाली, की भोयांकडे आज काय आहे? बाबांनी हॉर्न दाबला, तर पलीकडच्या गोठ्यातल्या गाईने मान वर करून उत्तर दिलं. धर्मेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं असं ते सांगतात, पण धूर दुसऱ्या बाजूला होता.

आता आरटीओच्या तपासणीची तारीख मिळवायची होती. जुन्या नोंदणीचं नूतनीकरण. त्या कागदांसाठी धर्मेंद्र चार वेळा गेले आणि चार वेळा परत आले. एकदा जुन्या कागदावरच्या डॉक्टरसाहेबांच्या सहीची शाई निळी, एकदा फोटोत बंपर दिसत नाही. पाचव्यांदा रांगेत उभं असताना त्यांना विहिरीवाल्या सखाची आठवण झाली, आणि ती आठवण काही चांगली नव्हती. शेवटी तारीख पडली. मधले दहा दिवस पावसाची झड म्हणून गाडीवर पारदर्शक ताडपत्री टाकली, आणि भाऊसाहेब जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षणाला गेले.

परत आले तेव्हा ममताताई दारातच उभ्या होत्या. चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान. "मला त्यातलं कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण मागच्या सीटवर काहीतरी उगवलंय."

नागली. शिवणीच्या फटीतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर उंच, हिरवीगार. भोवती काच, आत ऊब, खाली भिजलेला काथ्या. असा कोंभ कृषी खात्याच्या प्रदर्शनातही कोणी पाहिला नसेल.

"उपटून टाकतो," धर्मेंद्र म्हणाले आणि दार उघडलं.

"हात लावू नको!" बाबांचा इतका मोठा आवाज वर्षभरात कोणी ऐकला नव्हता. "उभं पीक उपटतोस? कणसरी येऊन बसलीय तिथं. स्वतःहून आलीय."

"पण बाबा, तिथे तुम्हाला बसायचंय."

"ती बसलीय, तर मी कसा बसू?" बाबा म्हणाले आणि काठी टेकत आत गेले.

खरं सांगायचं तर धर्मेंद्रनाही ते उपटवेना. हात पुढे जायचा आणि थांबायचा. नागलीच्या भाकरीवर वाढलेला माणूस, पोस्टिंग कुठेही असो, उभ्या रोपाला हात घालत नाही.

मग सल्ल्यांना ऊत आला. गौतम सर म्हणाले, प्रकाशसंश्लेषणासाठी डावी काच अर्धी उघडी ठेवा. त्यांच्या पत्नी हर्षदा मॅडम कृषी सहायक आहेत; त्या टेप घेऊन आल्या, सीट मोजली, क्षेत्र काढलं आणि म्हणाल्या, "रोपं फार दाट झालीत. पंधरा दिवसांनी खुरपणी करा. करपा आला तर कळवा." धर्मेंद्रनी ते वहीत उतरवून घेतलं. ममताताईंनी डोक्याला हात लावला. अंगणात तीन पगारदार माणसं, तिघांचेही आईबाप शेतात राबलेले, आणि तिघं मिळून गाडीच्या सीटवरचं पीक पिकायला किती दिवस लागतील ते बोटांवर मोजत होती.

तपासणीची तारीख काही बदलून मिळेना. आरटीओचे साहेब आले. तरुण, इस्त्रीचे कपडे. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, खूश झाले, आणि मागचं दार उघडलं.

"हे काय आहे?"

"नागली, साहेब."

"शोभेची?"

"नाही. खायची."

साहेबांनी एका रोपाला बोट लावून बघितलं. मग त्यांनी पेन काढलं आणि जे लिहिलं, ते धर्मेंद्र मरेपर्यंत विसरणार नाहीत. 'त्रुटी: वाहनाच्या मागील आसनावर पीक उभे आहे. पीक निघाल्यानंतर वाहन सादर करावे.' खाली सही, तारीख, शिक्का. अठ्ठावीस वर्षांत धर्मेंद्रनी स्वतः इतकी सुबक त्रुटी कधी लिहिली नव्हती.

तो कागद हातात घेऊन ते ओट्यावर बसले. पीक निघणार कापणीला. कापणीच्या आत गाडी आत्याला परत द्यायची. म्हणजे ज्या दिवशी सीट मोकळी होणार, त्याच दिवशी गाडी जाणार.

बाबा शेजारी येऊन बसले. "जाऊ दे धर्मा. फुडल्या वर्सी बघू," ते म्हणाले. "मी राहिलो तर." ते हसून बोलले, पण रात्रभर नाही तरी बराच वेळ त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येत होता, आणि धर्मेंद्रना जेवण गेलं नाही. माणूस सगळ्या जगाला हेलपाटे घालायला लावतो आणि बापाला एक सीट मोकळी करून देऊ शकत नाही, या विचाराने ते फार खजील झाले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने धाकली आत्या उतरली. गाडीत नागली उगवल्याची बातमी पोशेऱ्यापर्यंत गेलीच होती. तिने चपला काढल्या, गाडीला नमस्कार केला, मागचं दार उघडलं आणि बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं रडतेय. ती हसत होती.

"आरं, ह्यो राब हाय!" ती म्हणाली. "राबात रोपं करायची आन् मंग माळावर लावायची. नागली कोणी राबातच पिकवतं का? आवणीचे दिवस चाललेत बाहेर, आन् तुम्ही काच उघडून बसलाय!"

 पावसाळा आला की इथल्या पोराला चालता येण्याआधी रोपांची मूठ धरता येते. धर्मेंद्रनी लहानपणी आत्याच्याच माळावर आवणी, म्हणजे रोपांची लावणी, केली होती, पाठ दुखून रडले होते. गौतम सरांनी केली होती. हर्षदा मॅडमनी तर केली होती आणि त्यावर परीक्षाही दिली होती. हर्षदा मॅडमनी हळूच टेप पर्समध्ये टाकली.

"मला म्हणजे... वाटलंच होतं," गौतम सर म्हणाले.

"गप बसा तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

आत्याने बाबांना हाक मारली. "दादा, ये. कणसरीला घरी न्यायची तर दोघांनी नेऊ." ऐंशीची बहीण आणि चौऱ्याऐंशीचा भाऊ मागच्या दोन दारांशी वाकून रोपं काढू लागले, एकेक, मुळासकट, न तोडता. ओल्या फडक्यात मुठी बांधल्या. बाबा पुन्हा पुन्हा सीटवर हात फिरवून बघत होते. दुपारच्या एसटीने आत्या परत गेली, मांडीवर नागलीची रोपं आणि कंडक्टरशी त्यांचं अर्धं तिकीट लागतं का यावर भांडण. जाताना तिने सोबत आणलेली पाच मुठी कोरडी नागली गाडीत ठेवायला दिली, पण या वेळी ममताताईंनी ती डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. त्यांना त्यातलं कळत होतं.

दुसऱ्या तपासणीला साहेबांनी आधी मागचं दार उघडलं, मग हसून शिक्का मारला. त्या आठवड्यात पंचायत समितीत सखाचा विहिरीचा अर्ज एकाही त्रुटीशिवाय मंजूर झाला. सखा घाबरून दोनदा विचारायला आला, की काही चुकलं तर नाही ना?

आणि मग भाद्रपदातल्या एका रविवारी, उघडीप बघून, नवशाबाबा धुतलेला सदरा घालून मागच्या सीटवर बसले. आळी बघायला जमली होती. बाबांनी दोन्ही हात सीटवर पसरले. धर्मेंद्रनी दार लावलं, ते असं लागलं की खरंच उंदीर जाऊ नये. पुढे ममताताई बसल्या. पोशेऱ्याला जायचं, माळावर लावलेली रोपं बघायची, आणि गाडी आत्याच्या पडवीत लावून एसटीने परत यायचं. गाडी निघाली.

जव्हार मागे पडलं. उतार लागला. पहिलं वळण आलं. धर्मेंद्रनी गिअर बदलला, म्हणजे बदलायला गेले. गाडी गुरगुरली, दरीच्या बाजूला जरा जास्तच कलली आणि कठड्याशी गोड बोलून परत रस्त्यावर आली.

"वा!" मागून आवाज आला. "काय देखावा आहे! वा!"

धर्मेंद्रचं काळीज भरून आलं. बावीस वर्षं आणि वर एकतीस वर्षं थांबून बाबांना दिसलं एकदाचं! दुसरं वळण आलं, ते पहिल्यापेक्षा वाईट गेलं.

"वा! वा! काय देखावा आहे रं, धर्मा!"

तिसऱ्या वळणाआधी धर्मेंद्रनी आरशात बघितलं. बाबांनी छताचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता, पाय पुढच्या सीटला टेकवले होते, आणि डोळे गच्च मिटलेले होते.

गाडी त्यांनी कडेला घेतली. "बाबा?"

बाबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. समोर बघितलं, बाजूला बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उमजत गेलं.

"धर्मा," ते म्हणाले, "इथून काय बी दिसत नाय रं. नुसती तुझी मान दिसते आन् पोटात खड्डा पडतो." आणि एकदम ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हंजे डागदर भ्यायचा! बावीस वर्सं मागं डोळे मिटून बसलेला! मी नवा होतो ना तवा. मला रागवायचं कसं, म्हणून देखावा, देखावा करायचा. आन् मंग सवयच लागली बिचाऱ्याला!"

ममताताई आधी हसल्या, मग धर्मेंद्र. रस्त्याच्या कडेला हंबरमध्ये तिघं जण किती वेळ हसत होते कोण जाणे. बाबा स्वतः दार उघडून पुढे आले. ममताताईंनी जागा दिली आणि मागे जाऊन बसल्या. बाबांनी गिअरच्या दांड्यावर धर्मेंद्रच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता सोड क्लच. हळू." पोशेऱ्यापर्यंत एकही वळण वाईट गेलं नाही.

आत्याच्या माळावर एका कोपऱ्यात नागली वाऱ्यावर हलत होती, बाकीच्या पिकापेक्षा जरा उंचच. बाबांनी ती बघितली, गाडी पडवीत लावून घेतली आणि चावी स्वतःच्या हाताने बहिणीला दिली. त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही. उलट त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की ते काठी तिथेच विसरले.

परतीची एसटी भरलेली होती. बापलेकांना शेजारी-शेजारी जागा मिळाली ती अगदी मागच्या बाकावर. घाटात धुकं उतरलं होतं. ड्रायव्हर नवा असावा. पहिल्याच वळणावर गाडी अशी कलली की वरच्या पिशव्या खाली आल्या, आणि बाबा आणि धर्मेंद्र, एकमेकांचा हात घट्ट धरून, एका सुरात ओरडले, "वा! काय देखावा आहे!"

सगळी एसटी खिडक्यांना नाक लावून बाहेर बघायला लागली. बाहेर नुसतं पांढरं धुकं होतं.